फेअरलेडी झेड (एस३०): रंगवलेली चालू गाडी की बंद पडलेली पूर्ण गाडी? आणि सुटे भाग?

जुनीझेड

नमस्कार मंडळी. निस्सानच्या पहिल्या पिढीच्या फेअरलेडी झेडपैकी दोन गाड्या सध्या जपानमध्ये विक्रीला आहेत. दोघींच्या किमतीत फारसा फरक नाही.

गाडी अ: शोवा ४८ सालची. चॅसी क्रमांक एस३० ने सुरू होतो. ताजा लाल रंग, खालून नवं काळं कोटिंग. इंजिन एल२८, चालू. नोंदणीच्या कागदावर मात्र इंजिन एल२० लिहिलेलं आहे.

गाडी ब: शोवा ४७ सालची, चॅसी एचएस३०. मूळ एल२४ इंजिन आणि मूळ जोड-कार्बोरेटर. बरीच वर्षं शेडमध्ये उभी. जाहिरातीत फुदोओ, गेन्जोओ-वाताशी आणि शोरुइ-आरी असे तीन शब्द आहेत. डॅशबोर्डला तीन तडे, रबरं सगळी गेलेली.

कोणती घ्यावी? विकणाऱ्याकडून नेमके कुठले फोटो मागवू? आणि ब घेतली तर कुठले भाग मिळणारच नाहीत, हे आधी कळलं तर बरं.

पत्रा_आणि_पुट्टी

या गाडीत विकत घ्यायचा असतो तो पत्रा. एल सीरिजची इंजिनं सेड्रिक, लॉरेल, स्कायलाइनमध्येही होती, त्यामुळे ती अजून सापडतात. गंजलेला सांगाडा सुधारायला इंजिनाच्या कितीतरी पट वेळ आणि पैसा जातो. म्हणून अ ची लाली बाजूला ठेवा. ताज्या रंगाखाली आणि ताज्या काळ्या कोटिंगखाली काय आहे हे फोटोत कुणालाच दिसत नाही.

दोन्ही गाड्यांचे पुढचे फोटो मागवा, जवळून आणि उजेडात:

- बॅटरीचा ट्रे काढून त्याखालची जागा. आम्ल ट्रेमधून खाली उतरतं, फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) खातं आणि शेवटी पुढच्या रेलपर्यंत पोचतं.
- फरशीखालच्या दोन्ही रेल. फायरवॉलपासून सीटखालपर्यंत जाणाऱ्या या पोकळ पेट्या आहेत. चुकीच्या जागी जॅक लावल्यामुळे त्या बहुतेक गाड्यांत चेपलेल्या असतात. चेपल्या की आत पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून बारीक फोड दिसला तर आतला पत्रा संपला असं धरा.
- मागच्या चाकाच्या पुढचा खालचा कोपरा, म्हणजे दाराच्या मागे सिल (दाराखालची लांब पेटी) जिथे संपते तिथे. पुट्टीची सर्वांत आवडती जागा हीच.
- स्टेपनीचा खड्डा, चटई उचलून.
- मागच्या दाराच्या चौकटीची खालची कड आणि टेललाइटच्या मागची बाजू.
- काचेखालची जाळी काढून काउल (जाळीखालची पाणी वाहून जायची पोकळी). पाला अडकला की पाणी तिथेच कुजत राहतं आणि पुढे पायाशी झिरपतं. बादलीभर पाणी ओतून दोन्ही बाजूंनी खाली वाहून जातं का, याचा व्हिडिओ मागा.

पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक प्रत्येक कोपऱ्याला लावून दाखवायला सांगा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. आणि दारं उघडझाक करतानाचा व्हिडिओ हवाच. दार लागताना वर उचलावं लागत असेल तर एकतर बिजागरीच्या पिना झिजल्यात किंवा सिल खचली आहे. पिना बदलता येतात. सिल खचणं म्हणजे अख्खी गाडी वाकणं.

कागद_आधी

पत्र्याच्याही आधी कागद बघा. जाहिरातीतल्या शब्दांचे अर्थ असे:

फुदोओ म्हणजे चालत नाही. गेन्जोओ-वाताशी म्हणजे आहे तशी देणार, नंतर तक्रार ऐकणार नाही. शोरुइ-आरी म्हणजे कागद आहेत आणि शोरुइ-नाशी म्हणजे नाहीत. शोरुइ-नाशी गाडी फक्त सुटे भाग काढायला घ्यावी. अशा गाडीला जपानमध्ये बुहिन-तोरी म्हणतात.

सर्वांत जपायचा शब्द शोक्केन-दाकोकु. मूळ चॅसी क्रमांक गंजून किंवा कापला जाऊन वाचता येईनासा झाला की परिवहन कार्यालय नवा क्रमांक ठोकून देतं. तो पूर्ण कायदेशीर असतो, पण एचएस३० ची ओळख जाते आणि किंमतही. त्यामुळे फायरवॉलवर ठोकलेल्या क्रमांकाचा सरळ समोरून फोटो घ्या. आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघा. इंजिनबेमधल्या पत्र्याच्या पाटीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे. पाटी रिव्हेटवर बसलेली असते आणि सहज बदलता येते, म्हणून भरवसा ठोकलेल्या क्रमांकावरच ठेवा.

एस३० म्हणजे दोन लिटरची देशी गाडी, एचएस३० म्हणजे उजव्या स्टिअरिंगची २४०झेड आणि पीएस३० म्हणजे एस२० इंजिनाची झेड४३२. लांब नाकाची जी-नोज कुठल्याही गाडीला बसवता येते, तेव्हा नाकावरून २४०झेडजी (हेच नाक घेऊन कारखान्यातून आलेली २४०झेड) ओळखायच्या भानगडीत पडू नका.

अ बद्दल: जपानच्या नोंदणी कागदावर इंजिनाच्या प्रकाराचा वेगळा रकाना असतो. तिथे एल२० आणि प्रत्यक्षात एल२८ म्हणजे बदल नोंदवलेला नाही. नोंदवला असता तर विकणाऱ्याने कोओनिन हा शब्द अभिमानाने लिहिला असता. तुमच्याकडे नोंदणी करताना हा घोळ तुमच्या गळ्यात येईल. निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचं प्रमाणपत्र मिळणार का, हे दोन्हींसाठी लेखी विचारा.

शोवा वर्षात १९२५ मिळवा. ४७ म्हणजे १९७२, ४८ म्हणजे १९७३.

एल_सीरिज

वरच्या दोघांशी सहमत. मी फक्त ब च्या इंजिनाबद्दल लिहितो.

बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका, आणि विकणाऱ्यालाही मारू देऊ नका. जाम रिंग जोराने हलली तर तुटते. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये १०–१५ मिली पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडलं तर जोर न लावता आणखी तेल आणि आणखी दोन दिवस. दोन फेरे मोकळे फिरले की ऑइल आणि फिल्टर बदला. मग प्लग न लावता स्टार्टरवर ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत फिरवा. त्याआधी इंजिन चालू करायचं नाही.

कॉम्प्रेशन गरम इंजिनवर घ्या, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तच्या ८० टक्क्यांच्या खाली नको. कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. बराच काळ उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीटवर गंज असतो, थोडं चालवल्यावर तो आकडा आपोआप सुधारतो. म्हणून पहिल्याच मोजमापावर हेड उतरवायला धावू नका.

आता सर्वांत जास्त लोक जिथे फसतात ते. हेड उतरवण्यासाठी कॅमचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) काढण्याआधी वरून चेनच्या दोन पदरांमध्ये निमुळती लाकडी पाचर ठोकून बसवा आणि तिला दोरी बांधून ठेवा. पाचर नसेल तर चेन सैल होते, टेन्शनरचा (चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) दट्ट्या बाहेर उडतो, आणि तो परत बसवायला पुढचं अख्खं कव्हर उतरवावं लागतं. पाच मिनिटांच्या पाचरीअभावी दोन दिवसांचं काम. चेन आणि स्प्रॉकेटवर रंगाने खूण करा, मग सोडा.

कॅमला आधार देणारे टॉवर हेडवरून सोडू नका. ते हेडला बसवलेल्या अवस्थेतच एका रेषेत बोअर केलेले असतात. हेड घासून घेतलं तर टॉवरखाली तितक्याच जाडीच्या शिम (पातळ चकत्या) हव्यात. नाहीतर चेन सैल पडून कॅमचं टायमिंग मागे पडतं. थोडा फरक असेल तर स्प्रॉकेटवर १, २, ३ अशी भोकं आहेत, पुढच्या भोकावर घेऊन तो भरून काढता येतो.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट): गरम इंजिनवर इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.३० मिमी. थंडवर ०.२० आणि ०.२५. लॉकनटला १७ चा पाना, पिव्हटला १४ चा. रॉकर कव्हर उघडलंच आहे तर स्प्रे बारची भोकंही बघा. सुरुवातीच्या एल२४ मध्ये कॅमला तेल या बाहेरच्या नळीतून मिळतं. एखादं भोक तुंबलं की तेवढीच लोब (कॅमवरचा उंचवटा) खरवडली जाते. लोबवर कडेपर्यंत ओरखडा दिसला तर कॅम आणि रॉकर जोडीने बदला, एकट्या कॅमला अर्थ नाही.

ऑइल पंप काढलात तर बसवताना एक नंबर पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या बिंदूवर) ठेवा. वरून पाहिलं की डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकावरच्या जिभेची दिशा घड्याळातल्या ११ वाजून २५ मिनिटांसारखी आणि छोटा अर्धचंद्र पुढे. एक दात चुकला की टायमिंग कितीही फिरवलं तरी जुळत नाही, आणि माणूस कार्बोरेटरला दोष देत बसतो.

जुनीझेड

सगळ्यांचे आभार. ब चे फोटो आले. फायरवॉलवरचा क्रमांक स्वच्छ, पाटीशी आणि कागदाशी जुळतो. बॅटरीखाली हाताच्या पंजाएवढं भोक. डाव्या रेलला दोन ठिकाणी आरपार गंज, उजवी चेपलेली पण धड. स्टेपनीचा खड्डा ठीक. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना चुंबक धरतो. दारं न उचलता लागतात.

अ च्या विकणाऱ्याने खालचे फोटो कोटिंगचेच पाठवले. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना चुंबक धरत नाही. म्हणजे ब नक्की. आता पत्र्याचा क्रम सांगाल का? सगळा सांगाडा सँडब्लास्ट करून घ्यावा असा विचार आहे.

पत्रा_आणि_पुट्टी

सगळा सांगाडा सँडब्लास्ट करू नका. बॉनेट, छप्पर आणि दाराचे बाहेरचे पत्रे त्या माऱ्याने ताणले जातात आणि त्यांवर लाटा येतात. त्या परत सपाट होत नाहीत. शिवाय वाळू सिलच्या आत शिरते आणि वर्षानुवर्षं ओल धरून ठेवते. ब्लास्टिंग करायचंच तर फरशीची खालची बाजू, इंजिनबे आणि सस्पेन्शनचे भाग, तेही कमी दाबावर. मोठ्या सपाट पत्र्यांना रंग काढायचं रसायन आणि हाताने घासकाम.

क्रम असा ठेवा. आधी गाडी सस्पेन्शनच्या बिंदूंवर समतल टेकवा, मधोमध नाही. सिल आणि रेल कापण्याआधी दोन्ही दारांच्या पोकळीत साधारण २५ मिमीची चौकोनी नळी आडवी-तिरकी वेल्ड करा. कर्णांची मापं लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही रेल एकदम काढल्या तर दारांच्या फटी पुन्हा कधीच जुळणार नाहीत.

नवी रेल १.२ ते १.६ मिमी पत्र्याची हवी. जोड देताना वरच्या पत्र्याला साधारण ८ मिमीची भोकं ३०–४० मिमी अंतरावर पाडा आणि ती भरून वेल्ड करा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डसारखंच हे काम करतं. फरशीचा पत्रा जेमतेम ०.८ ते १ मिमी आहे, तेव्हा मिग वेल्डरची ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन–कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरा. १०–१५ मिमीचा टाका मारून लांबच्या टोकाला जा, थंड होऊ द्या. सलग ओढत नेलंत तर पत्रा पापडासारखा वळतो.

दोन पत्रे एकमेकांवर बसण्याआधी आतल्या बाजूंना वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर. वेल्डिंग झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर, त्यावर खालचं कोटिंग, आणि अगदी शेवटी, रंग झाल्यावर, सगळ्या पोकळ्यांत मेण. सीलर उघड्या पत्र्यावर लावू नका, त्याखाली गंज धरतो. मेण रंगाआधी मारू नका, रंग धरत नाही.

बॅटरीखालच्या भोकावर नुसता तुकडा ठोकू नका. आधी बेकिंग सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, मग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा. त्या जागी फायरवॉल आणि रेल एकत्र येतात. अर्धवट ठेवलंत तर दोन वर्षांत तोच गंज नव्या रंगातून वर येईल.

नंबर_सांगा

सुट्या भागांचं. आधी क्रमांक शोधा, मग भाग. नुसतं २४०झेडचा वॉटर पंप म्हणून शोधलं की निम्मे निकाल चुकीचे येतात.

निस्सानचा क्रमांक पाच-पाच अक्षरांचा असतो. पहिले पाच आकडे भाग कुठला ते सांगतात: ११०४४ हेड गॅस्केट, २१०१० वॉटर पंप, १५२०८ ऑइल फिल्टर, १७०१० फ्युएल पंप. शेवटचे पाच तो भाग कुठल्या गाडीचा आणि कुठल्या सुधारणेचा ते सांगतात. एस३० च्या भागांवर ई४१ ने सुरू होणारा गट पदोपदी दिसतो. जुना क्रमांक बंद झाला तरी तो नव्या क्रमांकात बदललेला असू शकतो. म्हणून यादीत सेइहाइ म्हणजे उत्पादन बंद असं दिसलं तर लगेच आशा सोडू नका, पुढचा क्रमांक आहे का बघा.

गॅस्केट मागवताना गाडीचं साल न सांगता ब्लॉकवर ठोकलेलं इंजिन सांगा. एल२०ए चा बोअर ७८ मिमी, एल२४ चा ८३, एल२८ चा ८६. सालावरून मागवलेलं गॅस्केट बदललेल्या इंजिनावर बसत नाही, आणि लहान बोअरचं जबरदस्तीने बसवलं तर कडा ज्वलनकक्षात येऊन जळते.

जपानी लिलावात शोधताना हे शब्द कामाचे: जुन्सेइ म्हणजे कंपनीचा अस्सल भाग, शागाइ म्हणजे बाहेरच्या कंपनीचा, तोओजिमोनो म्हणजे त्या काळातला. जानकु लिहिलं असेल तर चालण्याची कुठलीच हमी नाही. याहू ऑक्शनवर बहुतेक विक्रेत्यांच्या लिलावाची वेळ आपोआप वाढणारी असते. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली तर वेळ पुढे सरकते. शेवटच्या सेकंदाला झडप घालायचा बेत तिथे चालत नाही, तेव्हा आपली कमाल रक्कम आधीच ठरवा. कार्बोरेटर किंवा टाकी मागवताना तुमच्या वतीने खरेदी करणाऱ्या मध्यस्थाला सांगून पेट्रोल पूर्ण काढून घ्या. वास आला तर हवाईमार्गे पार्सल अडतं.

निस्मोच्या (निस्सानच्या रेसिंग शाखेच्या) हेरिटेज भागांच्या बातम्या वाचून हुरळू नका. २०१७ मध्ये तो उपक्रम आर३२ स्कायलाइन जीटी-आर साठी सुरू झाला, पुढे आर३३ आणि आर३४ आल्या. एस३० त्यात नाही.

काय मिळतं, काय नाही: इंजिनाचे झिजणारे भाग, ब्रेक, बुश, रेल, फरशी, बहुतेक रबरं नव्याने बनतात. अवघड आहेत ते तडे न गेलेला डॅशबोर्ड, अखंड आतली प्लॅस्टिकं, घड्याळ, मूळ चाकांच्या टोप्या आणि क्रोमच्या बारीक पट्ट्या. म्हणून ब मधून निघालेली एकही क्लिप टाकू नका. प्रत्येक भाग पिशवीत घाला, पिशवीवर जागा लिहा. तुटकी क्लिपसुद्धा नमुना म्हणून लागते.

दाराच्या रबरांबद्दल एक सूचना. बाजारातली काही रबरं मूळपेक्षा जाड आणि कडक असतात, दार आपटल्याशिवाय लागत नाही. १९९० च्या दशकातल्या किया स्पोर्टेजचं दाराचं रबर मऊ आहे आणि झेडवाले ते सर्रास वापरतात. मागच्या दाराच्या आणि टेललाइटच्या गॅस्केटला मात्र तडजोड नको. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथल्या फटींतून आत ओढला जातो.

तीन_स्क्रू

कार्बोरेटर मूळचेच ठेवा. हिताचीचे एचजेजी४६डब्ल्यू हे एसयू पद्धतीचे आहेत आणि नीट लावले तर उत्तम चालतात. आधी थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. तो वर-खाली खेळत असेल तर तिथून हवा शिरते आणि आयडल कधीच स्थिर होत नाही. बुश बसवल्याशिवाय बाकी काही जुळवण्यात वेळ घालवू नका. मग मिश्रणाचा नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणा, ही सुरुवात. वरच्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचं ऑइल. दोन्हींचा हवेचा प्रवाह मीटरने सारखा करा आणि त्यानंतरच मिश्रण बारीक जुळवा, उलट क्रमाने नाही.

टाकीतला गंज सायट्रिक आम्लाने निघतो. लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम, एक दिवस, मग सोड्याने धुवा आणि लगेच कोरडी करा. मागच्या बाजूला आतल्या प्लॅस्टिकमागे वाफेच्या रबरी नळ्या आहेत, त्या सगळ्या बदला. झेडमध्ये पेट्रोलचा वास येतो तो बहुतेकदा तिथूनच. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, ३०आर९ दर्जाच्या घ्या.

वायरिंग बघताना लक्षात ठेवा की हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. संपर्क जळतात आणि फ्यूजबॉक्स वितळतो. रिले लावा, तो स्विच परत मिळणं कठीण आहे. इग्निशन इलेक्ट्रॉनिक करणार असाल तर पुढच्या पिढीच्या २८०झेडएक्सचा डिस्ट्रिब्युटर त्याच्या खालच्या बैठकीसह घ्या. कॉइलही बदला आणि बॅलास्ट रेझिस्टर वगळा. २४०झेडचा टॅकोमीटर करंटवर चालतो, त्यामुळे बदलानंतर काटा मरू शकतो. तेव्हा मीटर बिघडला असं समजून उघडू नका.

जुनीझेड

खूप आभार. शेवटचा प्रश्न: मागचं सस्पेन्शन सोडताना काय सांभाळायचं?

एल_सीरिज

खालच्या आर्ममधून जाणाऱ्या लांब पिना. त्या स्ट्रटच्या पायात गंजून चिकटतात. आधी मधली छोटी लॉक पिन काढा. ती राहिली आणि तुम्ही ठोकत बसलात तर काहीच हलणार नाही. आठवडाभर रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा. पिनच्या टोकावर हातोडा मारू नका. टोक फुलतं, आटे जातात, आणि मग ती बुशमधूनही निघत नाही. आट्यांवर बसणारा ओढणारा पुलर वापरा, सोबत पायाला बाहेरून आच द्या. रबरी बुश जळून धूर होतो, मोकळ्या हवेत काम करा. तरीही नाही निघाली तर स्ट्रट आणि आर्म यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी करवतीने कापा आणि उरलेला तुकडा प्रेसवर काढा. नवी पिन बसवताना ग्रीस लावा आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळलं तर बुश पीळ घेऊन बसतो आणि लवकर फाटतो.